लिनक्स लॅपटॉप कुलूपबंद वायफायला जोडताना: पासवर्डाच्या आधी काय काय बघायचं

नागपुरात मनीषनगरातल्या माझ्या मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "अरे, काहून नाही जुळून राहिलं रे हे? पासवर्ड तर बरोबरच टाकून राहिली ना मी! अकरा वेळा टाकला." मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती अकरा म्हणाली म्हणजे अकराच.

लॅपटॉप दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ त्या यंत्राला पात्र मानेना, म्हणून मीच त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली घालून दिली होती. माझ्या घरी केबल लावूनच सगळं उरकलं. वायफाय तपासायचं राहून गेलं, ती चूक माझी. मग त्या रात्री फोनवरच एकेक पायरी तपासत गेलो. तोच क्रम इथे देतोय, कारण बर्डीच्या बाजारातून जुना लॅपटॉप उचलून लिनक्स टाकणारे बरेच जण याच ठिकाणी येऊन थांबतात आणि तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

पासवर्डाची पाळी येते त्याआधी चार गोष्टी जमलेल्या असाव्या लागतात. संगणकाला वायफायचं कार्ड दिसलं पाहिजे. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, आणि फर्मवेअर चढलेलं पाहिजे. रेडिओ चालू पाहिजे. आणि नेटवर्कचा आवाज त्या खोलीपर्यंत पोचला पाहिजे. पासवर्ड त्यानंतर. आणि पासवर्ड जुळल्यावरही राउटरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक) मिळायचा बाकी असतोच. यातलं काहीही फसलं तरी पडद्यावर बहुतेक एकच दिसतं: जोडलं गेलं नाही, किंवा परत पासवर्डाची चौकट. म्हणून अडलंय कुठे हे आधी शोधायचं.

आज्ञांबद्दल एक खुलासा. त्या टाइप करायच्या रोमन लिपीतच, पण मी इथे मावशीला फोनवर सांगितल्या तशा देवनागरीत लिहितोय. अक्षरं सुटी ऐकू आली तर सुटी टाइप करा: 'एनएमसीएलआय' म्हणजे एन, एम, सी, एल, आय. अखंड इंग्रजी शब्द ऐकू आला तर त्याचं नेहमीचं स्पेलिंग. 'वायफाय' आज्ञेत जोडून, मध्ये आडवी रेघ न देता. सगळं लहान लिपीत. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून.

कार्ड दिसतंय का?

पहिली आज्ञा:

एलएसपीसीआय -के

लांबलचक यादी येते. तिच्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. 'इथरनेट' लिहिलेली ओळ केबलची, ती नको. नेटवर्क कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर बसलाय. ती ओळच नसेल तर कार्ड आहे पण त्याला चालवणारं कोणी नाही. बाहेरून लावायचा यूएसबी वायफाय तुकडा असेल तर तो या यादीत येत नाही, त्यासाठी 'एलएसयूएसबी'.

ड्रायव्हर आहे, तरी वायफाय नाही, असंही होतं. कार्डाच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला लागणारी फाइल, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी संगणक सुरू होताना डिस्कवरून त्यात भरावी लागते. ती फाइल नसेल तर ड्रायव्हर नुसता हात चोळत बसतो. बघायचं असं:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

सुडोचं स्पेलिंग एस, यू, डी, ओ, ग्रेपचं जी, आर, ई, पी. मधली उभी रेघ बहुतेक कीबोर्डांवर एंटरच्या वर, शिफ्टसह. उत्तरात फर्मवेअर चढवणं फसलं, एरर उणे २, असं दिसलं तर सरळ अर्थ: फाइल सापडली नाही. उबंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांत हे क्वचित होतं. डेबियन या तिसऱ्या प्रकारात पूर्वी हमखास व्हायचं, कारण ज्यांचा सोर्स खुला नाही अशा फाइली ते तत्त्व म्हणून इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसत. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात. म्हणजे कोणी जुनी डेबियनची सीडी हातात दिली तर ती बाजूला ठेवा, नवी उतरवा.

इंटेलची कार्डं बहुधा मुकाट चालतात, त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहेत. जुन्या लॅपटॉपांतली ब्रॉडकॉमची बरीच कार्डं मात्र वेगळा, बंद सोर्सचा ड्रायव्हर मागतात. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडलं की तो सुचवला जातो, खूण करून बसवायचा. रिअलटेकचं गणित मॉडेलनुसार बदलतं. नव्या कर्नलमध्ये त्यांची बरीच मॉडेलं आता आतूनच चालतात, म्हणून रिअलटेक असेल तर आधी आख्खी सिस्टम अपडेट करून बघा, मग बाकीच्या खटपटी.

आता कोणीही विचारेल: वायफाय नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? उत्तर तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन केबलच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलीने काही होत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

बाहेरचा ड्रायव्हर बसवताना सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे घाईने 'कंटिन्यू' दाबू नका. 'एनरोल एमओके' निवडा आणि ठरवलेला पासवर्ड द्या. नाहीतर ड्रायव्हर बसलेला असूनही चालणार नाही आणि कारण कुठेच ठळक दिसणार नाही.

रेडिओ बंद तर नाही?

आरएफकिल लिस्ट

इथे 'वायरलेस लॅन'च्या खाली दोन ओळी असतात. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर कुठल्यातरी सॉफ्टवेअरने बंद केलंय: 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हणा, झालं. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर कोणतीही आज्ञा चालणार नाही. लॅपटॉपच्या कडेला छोटी सरकपट्टी असते किंवा एफएन आणि विमानाची नाहीतर अँटेनाची खूण असलेली कळ, ती दाबा. एकाच लॅपटॉपवर विंडोजही ठेवलं असेल तर त्याचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून ठेवा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि कार्ड अर्धवट झोपेत लिनक्सच्या हाती येतं.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणाऱ्यांसाठी एकच ओळ: त्यात देश ठरवेपर्यंत वायफाय मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तेव्हा आधी भारत निवडा.

मावशीचं कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर होता, दोन्ही ठिकाणी 'नो' होतं. पुढे.

नेटवर्क दिसतंय का?

एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस

ही आज्ञा नेटवर्कमॅनेजर नावाच्या कार्यक्रमाशी बोलते. घरगुती लिनक्सवर जोडण्यांचा कारभार बहुधा त्याच्याच हाती असतो. यादीत वायफायच्या नावापुढे (डब्ल्यूएल ने सुरू होणारं काहीतरी) 'डिस्कनेक्टेड' असेल तर उत्तम, सगळं तयार आहे आणि फक्त जोडायचं बाकी. 'अनअव्हेलेबल' असेल तर वरच्या दोन भागांत परत जा. 'अनमॅनेज्ड' असेल तर त्या कार्डाचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे आहे. डेबियनवर इन्स्टॉलच्या वेळी वायफाय जोडलं असेल तर त्याची नोंद /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत राहू शकते आणि मग नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाही. त्या ओळींच्या आधी # टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा.

नंतर:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट

आसपासची सगळी नेटवर्कं येतील. नाव, चॅनल, सिग्नलचा ० ते १०० मधला आकडा आणि शेवटी सिक्युरिटी. तुमचं नाव फोनवर दिसतं पण इथे नाही, असं असेल तर त्याची कारणं मजेशीर आहेत, म्हणून जरा थांबतो.

एक, राउटर दोन नावं देत असेल आणि त्यातलं एक '५जी' ने संपत असेल. हे मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्‌झची लहर. जुनी कार्डं फक्त २.४ वर ऐकतात, त्यांना हे नाव कधीच दिसणार नाही. दुसरं नाव वापरा.

दोन, चॅनल. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झवर १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत ११ पर्यंतच. बाहेरून आलेल्या लॅपटॉपाच्या कार्डात देश अमेरिका कोरलेला असेल तर १२ आणि १३ वर ते ऐकतच नाही. मग असा प्रकार होतो: संध्याकाळी वादळ येतं, लाइट जाते, परत येते, राउटर नव्याने सुरू होऊन स्वतःच १३ वं चॅनल निवडतो आणि काल चालणारा लॅपटॉप आज आंधळा. फोन मात्र चालतो. लोक म्हणतात विजेने कार्ड गेलं. 'आयडब्ल्यू रेग गेट' (रेग म्हणजे आर, ई, जी) ने देश कळतो, 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट' आणि पुढे मोठ्या लिपीत आयएन असं म्हणून तो बदलता येतो, पण काही कार्डं ऐकत नाहीत. सोपा उपाय राउटरकडे आहे: त्याच्या पानावर जाऊन चॅनल आपोआपवरून काढा आणि १, ६ किंवा ११ पक्कं करा.

तीन, कूलर. हसू नका. पारा ४५ च्या पुढे गेला की आपल्याकडे खिडकीत लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंनी ओल्या ताट्यांचा कूलर लागतो. धातू लहर अडवतो, पाणी शोषून घेतं. राउटर हॉलमध्ये, कूलर मधल्या खिडकीत, लॅपटॉप पलीकडच्या खोलीत अशी मांडणी असेल तर जानेवारीत मिळणारा सिग्नल मे महिन्यात मिळणार नाही. सिग्नलचा आकडा ३० च्या खाली असेल तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी अर्ध्यात सुटते. आधी लॅपटॉप राउटरजवळ नेऊन जोडून बघा. तिथे जुळलं तर दोष लिनक्सचा नाही.

नाव लपवलेलं असेल तर यादीत नावाच्या जागी दोन रेघा दिसतात. नाव लपवल्याने सुरक्षा वाढत नाही, उलट तुमचा लॅपटॉप जिथे जाईल तिथे ते नाव घेऊन हाका मारत फिरतो. माझं मत: लपवू नका.

कुलूप कुठलं आहे?

यादीतला सिक्युरिटीचा रकाना नीट वाचा. तिथे दोन रेघा असतील तर नेटवर्क उघडं आहे, कुलूपच नाही. 'डब्ल्यूईपी' असेल तर ते कुलूप २००१ मध्येच फुटलंय. आज ते काही मिनिटांत उघडतं. लिनक्सच्या बाजूने किल्लीची बोलणी करणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट नावाचा कार्यक्रम आहे, त्याच्या २०२२ मधल्या २.१० आवृत्तीपासून डब्ल्यूईपीचा आधार मूळ बांधणीतून काढलाय. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते जोडलंच जाणार नाही, आणि तेच बरं. राउटर बदला.

२००३ मध्ये तात्पुरता इलाज म्हणून डब्ल्यूपीए आलं आणि २००४ मध्ये पक्कं डब्ल्यूपीए२. आज घरोघरी हेच चालतं. यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे: तुमचा पासवर्ड हवेतून जातच नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घोटून, ४०९६ वेळा घुसळून, २५६ बिटांची किल्ली बनते. ती लॅपटॉप आपल्याकडे बनवतो आणि राउटर आपल्याकडे. मग दोघं एकमेकांना एकेक यादृच्छिक आकडा पाठवतात आणि चार निरोपांत सिद्ध करतात की आपल्या दोघांकडे तीच किल्ली आहे. नेटवर्कचं नाव किल्लीत मिसळलेलं असल्यामुळे राउटरचं नाव बदललं की पासवर्ड तोच ठेवला तरी किल्ली नवी होते. लॅपटॉपात जपून ठेवलेली जुनी जोडणी मग निरुपयोगी.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो तो याच पद्धतीमुळे. आणि या पद्धतीची कमजोरीही इथेच आहे. ते चार निरोप कोणी हवेत टिपून घेतले तर तो घरी बसून पासवर्ड ताडत राहू शकतो, राउटरला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे निम्म्या घरांत पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी मोबाइल नंबर असतो. दहा आकडे, पहिला ६ ते ९ मधला, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. ऐकायला मोठा आकडा आहे, पण एका बऱ्या ग्राफिक कार्डाला एक दिवसही लागत नाही. त्यापेक्षा चार असंबद्ध शब्द जोडून ठेवा, लक्षातही राहतात.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही घरी बसून ताडण्याची वाट बंद केली. तिथे प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं. फक्त जुनं कार्ड आणि डब्ल्यूपीए३ यांचं नेहमी पटतंच असं नाही. राउटर 'फक्त डब्ल्यूपीए३' वर असेल आणि लॅपटॉप जुना, तर राउटर दोन्हीच्या मिश्र प्रकारावर आणा. मिश्र असूनही जोडणी होता होता सुटत असेल तर लॅपटॉपला सांगा की डब्ल्यूपीए२ च धर:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय 'जोडणीचं नाव' वायफाय-सेक.पीएमएफ डिसेबल

इथे 'सेक' म्हणजे एस, ई, सी, आणि अवतरण चिन्हांत नेटवर्कचं नाव.

आता पासवर्ड

कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर टिचकी, नाव, पासवर्ड, कनेक्ट. ज्यांचं इथे जुळलं त्यांनी खालच्या काही परिच्छेदांना सुट्टी द्यावी.

ज्यांचं जुळलं नाही त्यांनी आधी जुनी, अर्धवट जपलेली जोडणी काढून टाकावी. चुकीचा पासवर्ड तिच्यातच बसलेला असतो. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' ने नावं कळतात, 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' आणि पुढे नाव देऊन ती जाते. मग:

एनएमसीएलआय --आस्क डिव्हाइस वायफाय कनेक्ट 'नाव'

दोन आडव्या रेघांसह 'आस्क' लिहिल्यामुळे पासवर्ड तो नंतर विचारतो. आज्ञेतच पासवर्ड लिहिला तर तो टर्मिनलच्या इतिहासात उघडा पडून राहतो. अवतरण चिन्हं एकेरीच वापरा. नावात उद्गारचिन्ह किंवा डॉलरची खूण असेल तर दुहेरी अवतरणात टर्मिनल त्याचा भलताच अर्थ काढतं.

तरीही नाही म्हणत असेल तर दुसऱ्या खिडकीत ही आज्ञा चालू ठेवून पुन्हा प्रयत्न करा:

जर्नलसीटीएल -एफ

सगळा रोजनामा वाहताना दिसतो. त्यात 'फोर-वे हँडशेक फेल्ड' आणि 'राँग की' आलं तरच पासवर्ड खरोखर चुकलाय. 'असोसिएशन टुक टू लाँग' आलं तर सिग्नल किंवा ड्रायव्हर. 'नो सीक्रेट्स' आलं तर पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, बहुतेक पासवर्ड साठवणारी कीरिंग कुलूपबंद आहे.

मावशीच्या लॅपटॉपवर 'राँग की' आलं. म्हणजे अकरा वेळा बरोबर टाकलेला पासवर्ड अकरा वेळा खरंच चुकीचा जात होता. मी म्हटलं, "मावशी, चौकटीत पासवर्ड दाखवायची खूण आहे ती दाब बरं." क्षणभर शांतता. मग, "अगं बाई, हे तर मराठीत आहे!" दुपारी तिने भिशीची यादी मराठीत टाइप केली होती आणि कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवरच राहिला होता. चौकटीत ठिपकेच दिसतात. ठिपक्यांना लिपी नसते.

मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्यांदा तपासावं. कोपऱ्यातली भाषेची खूण बघा, बदला, आणि पासवर्ड उघडा करून टाका. पासवर्ड रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांचाच ठेवा. नेटवर्कचं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं. मर्यादा ३२ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट खातो. म्हणजे दहा चिन्हं. 'धंतोली' सहा चिन्हांत, १८ बाइटमध्ये बसतं. 'रामदासपेठ' नऊ चिन्हांत, तेही बसतं. 'शंकरनगर चौक' म्हणजे दहा चिन्हं आणि एका बाइटची मोकळी जागा, ३१ बाइटमध्ये जेमतेम बसतं.

हॉस्टेल आणि ऑफिसचं वायफाय

यादीत '८०२.१एक्स' दिसलं तर तिथे सगळ्यांचा एक पासवर्ड नाही, प्रत्येकाचं स्वतःचं नाव आणि पासवर्ड आहे. फोन दोन खुणांत जोडला जातो आणि लिनक्स मात्र सात-आठ रकाने समोर धरतं, म्हणून मुलं घाबरतात. बहुतेक ठिकाणी उत्तरं अशी: सिक्युरिटी डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज, ऑथेंटिकेशन पीईएपी, आतलं ऑथेंटिकेशन एमएस-चॅप व्ही२, मग तुमचं नाव आणि पासवर्ड. नाव बऱ्याचदा ईमेलसारखं, @ च्या पुढच्या भागासकट लागतं.

'सीए सर्टिफिकेट लागत नाही' अशी एक खूण तिथे असते आणि सीनियर मुलं हमखास सांगतात, "मार टिक, चालतं." चालतं, खरं आहे. पण मग पलीकडचा राउटर खरंच कॉलेजचा आहे की शेजारच्या खोलीतल्या कोणीतरी त्याच नावाने उभा केलेला, हे लॅपटॉप तपासत नाही, आणि तुमच्या पासवर्डावरची बोलणी त्याच्या हाती जातात. कॉलेजचा तोच पासवर्ड निकालाला आणि फीलाही चालत असेल तर विचार करा. सर्टिफिकेटची फाइल संगणक विभागाकडून मागून घ्या. एड्युरोम (शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय) असेल, भारतात ते एर्नेट ही संस्था चालवते, तर तुमच्या संस्थेने आपली माहिती भरलेली असल्यास एड्युरोमची कॅट नावाची सेवा लिनक्ससाठी तयार स्क्रिप्ट देते. ती सगळे रकाने स्वतःच भरते.

आणि एक: जुन्या लॅपटॉपातला नाण्याएवढा सेल संपला असेल तर सुरू होताना तारीख मागे जाते. घरच्या डब्ल्यूपीए२ ला तारखेशी देणंघेणं नाही, पण सर्टिफिकेट 'अजून लागूच झालेलं नाही' म्हणून नाकारलं जातं. 'टाइमडेटसीटीएल' म्हणून तारीख बघा.

जोडलं, पण नेट नाही

खूण हिरवी, पान उघडत नाही. पासवर्डाचा संबंध इथे संपला. 'आयपी रूट' (रूट म्हणजे आर, ओ, यू, टी, ई) म्हणा. 'डीफॉल्ट व्हाया' आणि पुढे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आला तर राउटरने जागा दिलीय. नसेल तर राउटर बंद करून चालू करा, पत्ते वाटणारा तोच. पत्ता असेल तर 'पिंग ८.८.८.८' (आकडे अर्थात इंग्रजी). उत्तरं येत असतील आणि तरी संकेतस्थळ उघडत नसेल तर नावावरून पत्ता शोधणारी सेवा, डीएनएस, अडलीय. जोडणीच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएसमध्ये तेच ८.८.८.८ घाला. पिंगलाही उत्तर नसेल तर बहुधा नेट कंपनीकडूनच बंद आहे. लॅपटॉपाला बोल लावू नका.

पडदा नसलेल्या सर्व्हरवर, म्हणजे जुना लॅपटॉप कपाटावर ठेवून फाइली साठवायला वापरताय तिथे, 'एनएमटीयूआय' ही आज्ञा बाणांच्या कळांनी चालणारी साधी खिडकी देते. उबंटू सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर नसतो, नेटप्लॅनची फाइल लिहावी लागते. तिच्यात समासाची जागा स्पेसने सोडायची, टॅबने सोडली की ती नाकारते. आणि डब्ल्यूपीए सप्लिकंटचं पॅकेज आधी बसवलेलं हवं. हातानेच करणाऱ्यांनी 'डब्ल्यूपीए_पासफ्रेज' ने किल्ली बनवल्यावर उत्तरातली # ने सुरू होणारी ओळ पुसावी, तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

जुळल्यानंतरची दोन-चार कामं

दर पाच मिनिटांनी जोडणी सुस्तावत असेल तर कार्डाची वीजबचत बघा. उबंटू आणि मिंटमध्ये /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मध्ये (इथे नेटवर्कमॅनेजरचे एन आणि एम मात्र मोठ्या लिपीत) वायफाय-पॉवरसेव्ह नावाची फाइल असते, तिच्यातला ३ हा आकडा २ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. बॅटरी किंचित कमी टिकेल.

घरात एकाच लॅपटॉपावर दोघांची खाती असतील तर पासवर्ड 'सगळ्यांसाठी' साठवा, नाहीतर दुसऱ्याला तो पुन्हा विचारला जातो. असा साठवलेला पासवर्ड डिस्कवर साध्या अक्षरांत असतो, फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याला, वाचता येतो. लॅपटॉप विकताना किंवा दुरुस्तीला देताना ती जोडणी आधी काढून टाका. मध्ये कधी कोणाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला असेल तर तीही. नाहीतर पुढच्या वेळी तो माणूस घरी आला की लॅपटॉप राउटर सोडून त्याच्या फोनला चिकटू शकतो आणि त्याचा डेटा संध्याकाळपर्यंत संपतो.

मावशीचं त्या रात्री दहाला जुळलं. सकाळी परत फोन: दिवाळीला भाचेकंपनी येणार, प्रत्येकाला पासवर्ड सांगत बसू का? त्यालाही आज्ञा आहे:

एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय शो-पासवर्ड

पडद्यावर पासवर्डही येतो आणि खाली चौकटींचा क्यूआर कोडही. पाहुण्यांनी फोनचा कॅमेरा धरायचा. तिने त्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. मी राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं आणि कागद बदलायला लावला, जुन्यावर तिच्या स्वतःच्या नेटवर्कचा पासवर्ड वाचता येईल असा छापलेला होता.